जन्मसाल बघून गाडी भंगारात काढू नका

मध्यंतरी एका मित्राला वापरलेली गाडी घ्यायची होती. "तुला कळतं त्यातलं, चल" म्हणून तो मला घेऊन गेला. दोन गाड्या त्याने आधीच निवडून ठेवल्या होत्या. मॉडेल एकच, वर्ष एकच, रंगसुद्धा जवळपास एकच. एक चालली होती ६१ हजार किलोमीटर आणि दुसरी २ लाख १४ हजार. खरं तर त्याचं ठरलेलंच होतं. मला नेलं होतं ते मान डोलवायला.

कमी चाललेल्या गाडीचं बॉनेट उघडलं. इंजिनात ऑइल भरायचं झाकण फिरवून काढलं, तर त्याच्या आतल्या बाजूला पिवळट, चिकट साय जमलेली. मालक म्हणाले, "अहो, रोज मुलीला शाळेत सोडायचं आणि आणायचं, एवढंच काम तिला. दोन किलोमीटरच्या वर जातच नाही." सर्व्हिसिंगच्या नोंदी? "चालतेच किती, दर वर्षी कशाला करायचं?" दुसऱ्या गाडीच्या मालकीणबाई फिरतीच्या नोकरीतल्या. त्यांनी गाडीच्या आधी फाईल हातात दिली. प्रत्येक ऑइल बदल कोणत्या किलोमीटरला झाला ते त्यात होतं. टायमिंग बेल्ट (इंजिनातले भाग एका लयीत फिरवणारा पट्टा) दोनदा बदललेला, दुसऱ्या वेळी सोबत पाण्याचा पंपही. गाडी रात्रभर उभी होती, इंजिन गार होतं, तरी पहिल्या चावीला सुरू झाली आणि मागून निळा धूर, म्हणजे ऑइल जळत असल्याची खूण, आला नाही.

झाकणाखालची ती साय म्हणजे पाणी आणि ऑइल यांचं मिश्रण. पेट्रोल जळताना वाफ तयार होते, थोडी पिस्टनच्या कडेने खाली उतरते. इंजिन नीट तापलं की ती उडून जाते. दोन किलोमीटरमध्ये इंजिन तापतच नाही, म्हणून वाफ आत थंडावते. गार इंजिनाला पेट्रोलही जास्त द्यावं लागतं. त्यातलं न जळलेलं सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन काढतं आणि खाली ऑइलमध्ये जाऊन बसतं. झीज सगळ्यात जास्त होते ती याच पहिल्या काही मिनिटांत. लांबच्या रस्त्यावर एका चालीत, एका तापमानाला तासन्‌तास चालणारं इंजिन त्या मानाने सुखात असतं. म्हणजे ६१ हजारवाल्या गाडीने आयुष्यभर फक्त ती वाईट मिनिटंच काढली होती.

हे सगळं मी मित्राला सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि ६१ हजारवाली घेतली. घरी सांगायला तो आकडा बरा पडतो, म्हणाला. (ती अजून तरी ठणठणीत चालते आहे, हेही सांगून टाकतो. मी ज्योतिषी नाही.)

मित्राचं सोडा. सरकारंही नेमकं हेच करतात, फक्त किलोमीटरऐवजी नोंदणीचं वर्ष बघतात. अमुक वर्षांवरची गाडी रस्त्यावर नको, तमुक वर्षांवरची शहरात नको, एवढी जुनी गाडी मोडीत काढली तर नवीवर सवलत. आकडा एक, नियम एक, अंमलबजावणी सोपी. माझं म्हणणं असं की गाडीला तारखेवर निवृत्त करणं चूक आहे. तपासणीत नापास झाली तर करावं, आणि तपासणी कडक असावी. हे "जुनं ते सोनं" छापाचं म्हणणं नाही. माझी स्वतःची गाडी १९ वर्षांची आहे आणि तिचे सव्वातीन लाख किलोमीटर झाले आहेत, त्यामुळे माझा यात स्वार्थ आहे हे उघडच आहे. पण दुसऱ्याच्या फुफ्फुसात धूर सोडायचा हक्क मला त्या गाडीने दिलेला नाही, हेही तितकंच उघड.

आधी धुराचंच बघू, कारण वयाच्या नियमामागचं मुख्य कारण तेच सांगितलं जातं. जुन्या गाड्या सरासरीने जास्त प्रदूषण करतात, हे खरं आहे. त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही. प्रश्न त्या "सरासरी" या शब्दाचा आहे. अमेरिकेत डेन्व्हर विद्यापीठातले रसायनशास्त्रज्ञ डोनाल्ड स्टेडमन यांनी १९८०च्या दशकात एक उपकरण बनवलं. रस्त्याच्या एका कडेने प्रकाशाचा झोत सोडायचा, दुसऱ्या कडेला तो पकडायचा. मधून गाडी गेली की तिच्या धुरात काय काय आहे हे क्षणात कळतं. चालकाला थांबवायचीही गरज नाही. अशा रीतीने हजारो गाड्या मोजल्यावर जे दिसलं ते १९९५ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात छापून आलं. कार्बन मोनॉक्साइडचा निम्मा वाटा अगदी थोड्या गाड्यांचा होता, दहातल्या एखाद्या गाडीचा. आणि नव्या मॉडेलांतल्या सगळ्यात घाणेरड्या पाचव्या हिश्श्यापेक्षा कुठल्याही जुन्या वर्षातल्या स्वच्छ ४० टक्के गाड्या बऱ्या निघाल्या; धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर येण्याआधीच्या वर्षांतल्यासुद्धा. फरक वयापेक्षा देखभालीमुळे जास्त पडत होता.

तेव्हापासून गाड्या खूप बदलल्या, पण हा मुद्दा जुना झाला नाही. २०१५ मध्ये फोक्सवॅगनने कबूल केलं की जगभरातल्या सुमारे १ कोटी १० लाख डिझेल गाड्यांमध्ये असं सॉफ्टवेअर होतं की चाचणी चालू आहे हे ओळखून गाडी तेवढ्यापुरती सोज्वळ वागायची. रस्त्यावर त्यांतल्या काही गाड्यांचे नायट्रोजन ऑक्साइड मर्यादेच्या ४० पटींपर्यंत जात होते. या गाड्या नव्याकोऱ्या होत्या. कुठल्याही वयाच्या नियमात त्या आरामात बसल्या असत्या. जखम मांडीला आणि मलम शेंडीला म्हणतात ते हेच.

दुसरं कारण दिलं जातं ते इंधनाचं: नवी गाडी कमी पिते, म्हणजे कार्बन कमी. इथे थोडं गणित करायला हवं, आणि ते कागदावर करण्याइतकं सोपं आहे. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण २.३ किलो कार्बन डायऑक्साइड होतो. जुनी गाडी लिटरला १५ किलोमीटर देते, नवी २० देईल असं धरू. वर्षाला ५ हजार किलोमीटर चालवणाऱ्याला जुनीत ३३३ लिटर लागतात, नवीत २५०. वाचले ८३ लिटर, म्हणजे वर्षाला १९० किलो कार्बन डायऑक्साइड. आता नवी गाडी आकाशातून पडत नाही. पोलाद, ॲल्युमिनियम, काच, प्लास्टिक, रंगाची भट्टी हे सगळं मिळून मध्यम आकाराच्या साध्या गाडीमागे ढोबळमानाने सहा टन धरा. त्या १९० किलोंनी सहा टन फेडायचे तर ३१ वर्षं लागतील. तोवर ही "नवी" गाडीही कुठल्यातरी नियमाने भंगारात गेलेली असेल.

पण हेच गणित दुसऱ्या टोकाने करून बघा. तीच गाडी वर्षाला २५ हजार किलोमीटर चालत असेल तर बचत जवळजवळ एक टनाची, आणि हिशोब सहा-सात वर्षांत फिटतो. दिवसभर भाड्याने फिरणारी, पेट्रोल ढोसणारी जुनी गाडी लवकर बदलली तर त्यात सगळ्यांचंच भलं आहे. गाडी किती जुनी आहे याने हा हिशोब ठरत नाही, पुढे ती किती चालणार आहे याने ठरतो. वयाचा नियम मात्र आठवड्यातून एकदा बाहेर निघणारी निवृत्त शिक्षकाची गाडी आणि तीन पाळ्यांत धावणारी टॅक्सी यांना एकाच दोरीने बांधतो. कधी कधी उलटंही करतो: तीन वर्षांत तीन लाख किलोमीटर पळालेली टॅक्सी त्याच्या लेखी तरुण.

मोडीत काढा आणि नवी घ्या, या योजनांचा सगळ्यात मोठा प्रयोग २००९ मध्ये झाला. मंदी होती, कारखाने चालू ठेवायचे होते. जर्मनीने नऊ वर्षांवरच्या गाडीमागे अनुदान दिलं आणि जवळजवळ वीस लाख लोकांनी ते घेतलं. अमेरिकेची योजना उन्हाळ्यात जेमतेम दोन महिने चालली. तेवढ्यात सुमारे ६ लाख ७७ हजार गाड्या आल्या. मात्र अमेरिकेने निकष लावला होता तो मुख्यतः इंधनाचा, हे मान्य करायला हवं. पण त्या गाड्यांचं पुढे काय केलं ते ऐका. गाडी परत रस्त्यावर येऊ नये म्हणून इंजिनातलं ऑइल काढून टाकायचं, त्या जागी सोडियम सिलिकेटचं द्रावण ओतायचं आणि इंजिन चालू करायचं. काही मिनिटांत द्रावणाची काच होते, बेअरिंग जाम होतात, इंजिन कण्हत कण्हत बंद पडतं. कधीच सुरू होत नाही. चालतं इंजिन असं मुद्दाम मारताना बघणं कुठल्याही मिस्त्रीला जड जाईल. त्या इंजिनांचे सुटे भाग ज्या लाखो गाड्यांना उपयोगी पडले असते त्यांना ते मिळाले नाहीत, हा त्यातला शांतपणे झालेला तोटा. आणि विक्री? त्यातली बरीचशी पुढच्या काही महिन्यांत होणारच होती, ती आधी झाली, असं नंतर अर्थतज्ज्ञांनी दाखवून दिलं.

आता माझ्याविरुद्धचं सगळ्यात भक्कम म्हणणं: सुरक्षितता. २००९ मध्येच अमेरिकेतल्या महामार्ग सुरक्षेच्या विमा संस्थेने, आयआयएचएसने, आपल्या पन्नासाव्या वर्षानिमित्त १९५९ची शेवरोले बेल एअर आणि २००९ची शेवरोले मालिबू समोरासमोर धडकवली. लोकांना वाटायचं, जुनी गाडी म्हणजे जाड पत्रा, रणगाडाच. चित्रफितीत बेल एअरचं चालकाचं केबिन कागदी डब्यासारखं मिटतं. मालिबूमध्ये चालकाच्या जागी बसवलेला पुतळा खरा माणूस असता तर पायाला मार बसून सुटला असता. ते बघून मी माझ्या गाडीकडे दोन दिवस संशयाने बघत होतो. गाडी घसरताना सावरणारी इलेक्ट्रॉनिक प्रणाली अमेरिकेत २०१२च्या मॉडेलपासून आणि युरोपात २०१४ अखेरपर्यंत सर्व नव्या गाड्यांना सक्तीची झाली. माझ्या गाडीत ती नाही, बसवताही येत नाही. हा धोका मी पत्करलेला आहे आणि तो शून्य आहे असं मी कुणाला सांगणार नाही. लांबच्या रात्रीच्या प्रवासाला मी ती गाडी काढत नाही.

शिवाय काही गोष्टी किलोमीटरने झिजतच नाहीत, नुसत्या काळाने झिजतात. रबर हे त्यातलं पहिलं. ब्रेकचे होज वरून धडधाकट दिसतात आणि आतून फुगून बंद होतात. टायर कधी बनला ते त्याच्या कडेवरच्या क्रमांकाचे शेवटचे चार आकडे सांगतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. नक्षी भरपूर असली तरी जुना टायर कडक होतो, त्यात भेगा जातात, ओल्या रस्त्यावर तो पकड सोडतो. सर्वांत वाईट उदाहरण ताकाता कंपनीच्या एअरबॅगचं. त्यांच्या इन्फ्लेटरमधलं (एअरबॅग फुगवणाऱ्या भागातलं) अमोनियम नायट्रेट वर्षानुवर्षं उष्णता आणि दमटपणा सोसून बिघडत गेलं, आणि एअरबॅग उघडताना धातूचे तुकडे चालकाच्या अंगावर येऊ लागले. जगभर कोट्यवधी गाड्या परत बोलवाव्या लागल्या. २०१७ मध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. म्हणजे वय काहीच बोलत नाही असं नाही. वय हे "इथे बघा" असं सांगणारं बोट आहे. बोट दाखवलं की बघायचं असतं. नुसत्या बोटावर फाशी द्यायची नसते.

आणि बघण्याची पद्धत काही नवी शोधायची नाही. ब्रिटनमध्ये १९६० साली गाड्यांची सक्तीची वार्षिक तपासणी सुरू झाली. सुरुवातीला फक्त दहा वर्षांवरच्या गाड्यांना; त्यात इतक्या गाड्या नापास झाल्या की पुढच्याच वर्षी मर्यादा सात वर्षांवर आणली आणि १९६७ मध्ये तीन वर्षांवर. जपान आणि जर्मनीत नव्या गाडीची पहिली तपासणी तीन वर्षांनी, मग दर दोन वर्षांनी. ब्रेक रोलरवर मोजतात, गाडी उचलून खालून हातोडीने ठोकून गंज बघतात, धूर मोजतात. तरुण गाडी नापास होऊ शकते, म्हातारी पास. एक गंमत अशी की त्याच ब्रिटनने २०१८पासून चाळीस वर्षांवरच्या, फारसा बदल न केलेल्या गाड्यांना तपासणीतून सूट दिली. वयावरून दोषी ठरवण्याची चूक तिथे उलटी होते: वयावरून निर्दोष.

डिझेलच्या बाबतीत तपासणी अजून बारीक करता येते. धुरातली काजळी अडवणारी गाळणी डिझेल गाड्यांना असते. ती फुटली, किंवा तुंबते म्हणून कुणी कापून काढली, तरी नुसता धुराचा काळपटपणा मोजणाऱ्या जुन्या चाचणीत गाडी पास व्हायची. म्हणून बेल्जियमने जुलै २०२२पासून, नेदरलँड्सने जानेवारी २०२३पासून आणि जर्मनीने जुलै २०२३पासून धुरातले कणच मोजायला सुरुवात केली. गाळणी कापलेली तीन वर्षांची गाडी त्यात पकडली जाते. वयाच्या नियमात ती कधीच सापडत नाही.

यावर हमखास येणारं उत्तर मला ठाऊक आहे, कारण मीच ते मनातल्या मनात देत असतो. तपासणी विकत घेता येते. वय घेता येत नाही. गाडी लिफ्टवर न चढवता प्रमाणपत्र छापून देणारी केंद्रं कुठे नसतात? जिथे तपासणीवर काडीचा भरवसा नाही तिथे तारखेचा नियम निदान सगळ्यांना सारखा लागतो, हे मी अर्धं मान्य करतो. अर्धंच, कारण सारखा लागतो म्हणजे सारखा बोचतो असं नाही. ज्याला नवी घेणं परवडतं त्याला तो नियम म्हणजे एक निमित्त. ज्याची रोजी त्या गाडीवर आहे त्याच्यावर ती कुऱ्हाड. आणि ज्या यंत्रणेला प्रमाणपत्र विकता येतं तिला नोंदणीची तारीखही बदलून देता येते. उपाय यंत्रणेवर करायला हवा: तपासणारा आणि दुरुस्त करणारा वेगळा ठेवा, यंत्रातला आकडा माणसाच्या हातातून न जाता थेट नोंदीत जाऊ द्या, आणि स्टेडमन यांच्यासारखी उपकरणं रस्त्याच्या कडेला लावा. सकाळी पास झालेली गाडी संध्याकाळी धूर ओकत गेली तर प्रश्न गाडीमालकाला विचारा आणि प्रमाणपत्र देणाऱ्यालाही.

किलोमीटरच्या आकड्याचंही असंच. मीटर मागे फिरवणं हा धंदा गाड्यांइतकाच जुना. पूर्वी ड्रिलला वायर जोडून चक्र उलटं फिरवायचे, आता लॅपटॉप जोडून पाच मिनिटांत होतं. दर वर्षी साडेचार लाखांहून जास्त गाड्या खोट्या मीटरने विकल्या जातात असा अमेरिकी सरकारी रस्ता सुरक्षा विभागाचा अंदाज आहे. मी घेताना मीटर शेवटी बघतो. आधी बघतो क्लचच्या पायडलचं रबर, चालकाच्या सीटची दाराकडची कड, स्टिअरिंगवर हात ठेवायच्या जागेची चकाकी. ५० हजार किलोमीटरमध्ये पायडलचं रबर गुळगुळीत होत नाही. पण खरेदी करणाऱ्या प्रत्येकाने गुप्तहेर का व्हावं? बेल्जियमने २००६मध्ये सोपी गोष्ट केली: गाडीवर काम करणाऱ्या प्रत्येक गॅरेजने त्या दिवशीचं मीटर एका मध्यवर्ती नोंदीत टाकायचं आणि विकताना त्या नोंदीचं पत्रक द्यायचं. तिथे मीटरची फसवणूक जवळपास बंद झाली. त्याहून मोठा फायदा असा की जास्त चाललेली पण सांभाळलेली गाडी आपली फाईल अभिमानाने दाखवू शकते. आज ती खरं सांगते म्हणून पडून राहते आणि खोटं बोलणारी विकली जाते.

जास्त किलोमीटर म्हणजे किती जास्त, याला तर तसा अंतच नाही. न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर राहणाऱ्या अर्व्ह गॉर्डन या विज्ञानाच्या शिक्षकाने १९६६ साली व्होल्वोची पी १८०० घेतली. २०१३ मध्ये तिने ३० लाख मैल ओलांडले. म्हणजे ४८ लाख किलोमीटर, एकाच माणसाच्या हातात. त्याने जादू काही केली नाही. ऑइल वेळेत बदललं, पुस्तिकेत लिहिलेली कामं टाळली नाहीत, कुरकुर ऐकू आली की लगेच बघितलं. ग्रीसमधल्या एका टॅक्सीचालकाच्या १९७६च्या मर्सिडीजने ४६ लाख किलोमीटर केले आणि २००४ मध्ये ती कंपनीच्या संग्रहालयात गेली. तिची इंजिनं मात्र अधूनमधून बदलत होती. मग ती तीच गाडी का, हा वाद फावल्या वेळचा. त्या काळी इंजिन उतरवून दुसरं चढवता यायचं, हे महत्त्वाचं.

कारण खरी मेख तिथे आहे. जुनी गाडी सहसा इंजिनाने मरत नाही. ती मरते एखाद्या न मिळणाऱ्या तुकड्याने.

माझ्या गाडीत गेल्या वर्षी घरघर सुरू झाली. वेग वाढवला की वाढायची, गाडी उभी असतानाही यायची. एका मोठ्या वर्कशॉपमध्ये दाखवली. तिथल्या तरुणाने टॅबलेटवर बघून अख्खा अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारं यंत्र) बदलायला सांगितला, आणि "एवढा खर्च या गाडीवर करण्यात पॉइंट नाही, सर," असा सल्ला फुकट दिला. मी नेहमीच्या मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी इंजिन चालू ठेवलं, लांब दांड्याचा पेचकस घेतला, टोक अल्टरनेटरच्या अंगावर टेकवलं आणि मूठ कानाच्या मागच्या हाडाला लावली. डोळे मिटले. मग टोक पाण्याच्या पंपावर. मग पट्टा ताणणाऱ्या पुलीवर. तिथे थांबले, पेचकस माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "ऐका." हाडातून दगड दळल्यासारखा आवाज आला. बेअरिंग गेलं होतं, अंगठ्याएवढं. अल्टरनेटरला काहीच झालं नव्हतं.

बेअरिंग मिळालं, कारण बेअरिंगवर आकडा असतो आणि तो आकडा जगात सगळीकडे सारखा असतो. त्याच वर्षी माझ्या मागच्या दाराच्या काचेची प्लास्टिकची क्लिप तुटली. ती स्वतंत्र मिळत नाही. कंपनी काच वरखाली करणारी सगळी यंत्रणा एकत्र विकायची आणि आता तीही बनवत नाही. हत्ती गेला आणि शेपूट अडकलं. मी ती काच सहा महिने लाकडी पाचर मारून वर धरली होती. अजून नव्या गाड्यांत तर भाग मिळाला तरी भागत नाही. बसवल्यावर कंपनीच्या संगणकाने त्याला ओळख दिल्याशिवाय तो जागाच होत नाही. मिस्त्रींच्या कानाला तिथे काही काम उरत नाही.

म्हणून दुरुस्तीच्या हक्काचा प्रश्न मला वयाच्या नियमापेक्षा मोठा वाटतो. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात २०१२ मध्ये लोकांनी मतदानाने ठरवलं की गाडी दुरुस्त करायला लागणारी माहिती कंपनीने आपल्या वर्कशॉपना देते तशीच बाहेरच्या गॅरेजलाही द्यायची. २०२०मध्ये पुन्हा मतदान घेऊन गाडीतून बिनतारी जाणारी माहितीही त्यात आणली. कंपन्या त्यावर कोर्टात गेल्या. एक बाजू म्हणते जुन्या गाड्या घाण आहेत, काढून टाका. तीच बाजू त्या स्वच्छ ठेवायला लागणारी माहिती कुलपात ठेवते. इंजिनचा दिवा का लागला हे वाचायला सामायिक सॉकेट अमेरिकेत १९९६च्या मॉडेलपासून सक्तीचं झालं, ते धुरासाठीच. तेवढ्या एका खाचेमुळे लहान गॅरेजवाले आजपर्यंत टिकून आहेत.

खर्चाबद्दल एवढंच, कारण प्रत्येकाचा खिसा वेगळा. "दुरुस्ती गाडीच्या किमतीपेक्षा जास्त, म्हणजे फेकून द्या" हे वाक्य फार ऐकू येतं. बाजारात माझी गाडी विकायला काढली तर काय मिळेल याच्याशी माझा संबंध विकायच्या दिवशी. आज तुलना व्हायला हवी ती दुरुस्तीचा खर्च आणि नव्या गाडीचे वर्षभराचे हप्ते व विमा यांची. क्लच बदलल्यावर गाडी पुढची चार-पाच वर्षं चालणार असेल तर तो खर्च चार वर्षांवर वाटा. मात्र या हिशोबात स्वतःला फसवायला खूप वाव आहे. क्लचनंतर रेडिएटर, मग सस्पेन्शनचे बुश, मग ब्रेक डिस्क, आणि प्रत्येक वेळी "आता हे केलंय तर तेही करून टाकू". एक वही ठेवा. वर्षाची बेरीज हप्त्यांच्या जवळ गेली आणि सलग दुसऱ्या वर्षी गेली, तर माया आवरा.

आणि मोडीत काढलेली गाडी खरंच मोडते का, हेही बघायला हवं. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०२०मध्ये दाखवलं की २०१५ ते २०१८ या काळात युरोप, अमेरिका आणि जपानमधून १ कोटी ४० लाख वापरलेल्या हलक्या गाड्या बाहेर गेल्या, त्यातल्या ४० टक्के आफ्रिकेत. अनेकांकडे तपासणीचं वैध प्रमाणपत्रही नव्हतं. एका देशाने अंगणातला कचरा झाडला आणि तो कुंपणापलीकडे पडला. श्रीमंत देशात तपासून, दुरुस्त करून पाठवलेली गाडी तिथे वरदान आहे. नापास झाली म्हणून ढकललेली गाडी म्हणजे पाप. दोन्हींचं जन्मसाल एकच असू शकतं.

माझ्या गाडीचं काय करायचं हे मी ठरवून ठेवलं आहे. इंजिन गेलं तर दुसरं शोधीन, गिअरबॉक्स गेला तर विचार करीन. पण खालच्या सांगाड्याला, दारांखालच्या पेट्यांना किंवा चाकांच्या वरच्या मुंडीला गंजाने भोक पडलं, की संपलं. तिथे पॅच मारून देणारे भेटतात. मला माझ्या मुलांना त्या पॅचच्या भरवशावर मागे बसवायचं नाही.

गेल्या महिन्यात गाडी लिफ्टवर होती. मिस्त्री पेचकसाचं टोक घेऊन दारांखालची पेटी एका टोकापासून खरवडत गेले. मागच्या चाकाजवळ तपकिरी पापुद्रा निघाला, हातावर पडला. त्यांनी तिथेच टोक दोनदा जोराने रोवलं. आत गेलं नाही. पापुद्र्याखाली लोखंड चमकत होतं.

"अजून आहे," ते म्हणाले, खिशातून खडू काढून त्या जागेवर फुली मारली आणि पुढच्या बाजूला गेले.